अंशतः खरे आहे

आमच्या घरात वर्षातून तीनदा सुतक पाळल्यासारखं वातावरण असायचं. कोणी गेलेलं नसायचं, अधिवेशन लागलेलं असायचं. मुंबईला दोन, नागपूरला एक. अण्णा कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी रस्त्यांची कामं बघणाऱ्या सरकारी ऑफिसात क्लार्क होते आणि अधिवेशन लागलं की रजा बंद, रविवार बंद, जेवणात लक्ष नाही, आणि रात्री नऊ वाजता शिपाई सायकलवरून येऊन अंगणातूनच ओरडणार, 'अण्णा, साहेबांनी बोलावलंय, तारांकित आलाय!' बिबट्या आलाय म्हणतात ना, तसं म्हणायचा तो. आई तव्यावरची भाकरी अर्धवट टाकून बॅटरी शोधायला पळायची, कारण ऑफिसच्या वाटेवर दिवे नव्हते आणि पावसाळी अधिवेशन असेल तर साप निघायचे.

मला बरीच वर्षं वाटायचं की तारांकित हा कोणीतरी माणूस आहे.

नंतर कळलं की तो प्रश्न असतो. विधानसभेतल्या किंवा लोकसभेतल्या सदस्याने ज्या प्रश्नावर चांदणी लावून दिलेली असते, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी द्यावं लागतं, तो तारांकित. चांदणी नसेल तर उत्तर छापून मिळतं आणि विषय मिटतो. लोकसभेत म्हणे चांदणीवाल्या प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर छापतात आणि बाकीच्यांची पांढऱ्या, दिवसाला चांदणीवाले २० आणि बिनचांदणीचे २३०, तेही सोडत काढून, आणि सकाळी ११ ते १२ या तासाभरात त्या विसातले पाच-सहा झाले तरी खूप झाले. बाकीचे तसेच राहतात, त्यांचं मग लेखी उत्तरच मिळतं. आता टीव्हीवर बघितलं तर पहिलं उत्तर अर्ध्या मिनिटात उरकतं, मंत्री उठतो, 'विवरण सभा पटल पर रख दिया गया है' म्हणतो आणि बसतो. खरी गंमत त्यानंतरची. सदस्य पुरवणी प्रश्न विचारतो, त्याचा कागद आधी आलेला नसतो, आणि तिथे कळतं मंत्र्याला खात्यातलं किती कळतं ते.

कारण पहिलं उत्तर मंत्र्याचं नसतंच. ते अण्णांचं असतं.

म्हणजे कसं, प्रश्न दिल्लीहून किंवा मुंबईहून निघतो आणि खाली खाली येत जातो, प्रत्येक टेबलावर 'तात्काळ' 'अतितात्काळ' 'विधिमंडळ कामकाज, सर्वोच्च प्राधान्य' असे लाल शिक्के खात, आणि शेवटी अशा जागी येऊन थांबतो की ज्याच्या खाली अजून ऑफिसच नाही. तिथे अण्णा बसलेले. त्यांनी मोजमापाची पुस्तकं काढायची, ज्युनिअर इंजिनिअरला साईटवर पाठवायचं, मसुदा लिहायचा, टायपिस्टकडून चार कार्बन घालून टाइप करून घ्यायचा, आणि मग 'खास दूतामार्फत' म्हणजे आपल्या त्याच सायकलवाल्या शिपायाने पहाटेच्या एसटीने तो जिल्ह्याला न्यायचा. तिथून उत्तर परत वर वर चढत जायचं आणि प्रत्येक पायरीवर त्यातलं काहीतरी घासलं जायचं. पाट्यावर वाटण वाटतात तसं. वर पोचेपर्यंत एकदम मुलायम.

या प्रश्नांची भाषा मला पाठ आहे, परवचा पाठ असतो तशी. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?' मग एक, अमुक अमुक झाले आहे, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, त्यामुळे ग्रामस्थांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय. तीन, असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तराचे प्रकारही ठरलेले. होय, हे खरे आहे. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे, प्रश्न उद्भवत नाही.

मी सातवीत असताना आमच्या शेजारच्या गावचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला, जुलैच्या पावसात. आमच्या वर्गातल्या तीन मुली त्या साकवावरून यायच्या. आमदारांनी तारांकित टाकला. अण्णा स्वतः जाऊन बघून आले होते, छत्री उलटी होऊन तिच्या काड्या मोडल्या होत्या त्या दिवशी, म्हणून मला नीट आठवतंय. त्यांनी मसुद्यात लिहिलं, होय, हे खरे आहे. आणि पुढे गैरसोयीच्या कलमाला पण होय. तीन-चार महिन्यांनी छापील उत्तराची प्रत ऑफिसात आली तेव्हा ते ती घरी घेऊन आले, आईला वाचून दाखवायला. एक, हे अंशतः खरे आहे. (कारण एक खांब उभा होता.) दोन, हे खरे नाही, पर्यायी मार्ग उपलब्ध आहे. (सात किलोमीटरचा वळसा.) तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही. कंसातलं अर्थात उत्तरात नव्हतं, ते अण्णा तोंडाने घालत होते. आईला हसू आवरेना. अण्णा पण हसले पण जेवले नाहीत त्या रात्री नीट. त्या तीन मुली तोवर पोफळीची दोन खोडं आडवी टाकून त्यावरून ओढा ओलांडत शाळेत येत होत्या आणि त्यांना आपल्याविषयी मुंबईत काय छापून आलंय याचा पत्ताही नव्हता.

मी अण्णांना विचारलं होतं, मग तुम्ही खोटं का लिहिलं? ते म्हणाले, खोटं कुठे, एक खांब होता की.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे १२ डिसेंबर २०२४ ची एक क्लिप. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास चालू होता, रस्ते अपघातांचा विषय, आणि नितीन गडकरी उत्तर देत होते. फॅमिली ग्रुपवर ती इतक्या वेळा फॉरवर्ड झाली की शेवटी अण्णांनीच फोन करून विचारलं, बघितलंस का. (अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईल सोडत नाहीत.) गडकरी २०१४ पासून केंद्रातलं हेच रस्ते वाहतुकीचं खातं सांभाळतायत आणि त्यांनी अपघात निम्म्यावर आणायचं ठरवलं होतं. त्या दिवशी ते उभं राहून सरळ म्हणाले की कमी होणं बाजूलाच राहिलं, अपघात वाढलेत, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. आणि परदेशातल्या परिषदांमध्ये हा विषय निघाला की तोंड लपवायचा प्रयत्न करतो, असंही. स्वतःचा आणि घरच्यांचा मोठा अपघात झाला होता, बरेच दिवस हॉस्पिटलात होतो, तेही सांगितलं. आकडे तर सरकारी पुस्तकातच आहेत, २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ माणसं गेलेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. मी हा भागाकार मोबाईलवर दोनदा करून बघितला, चुकला असेल असं वाटून.

मला ते उत्तर आवडलं. म्हणजे खरंच आवडलं, राजकारण बाजूला ठेवून. इतकी वर्षं अंशतः खरे आहे ऐकल्यावर कोणी मंत्री उभा राहून होय म्हणतो तेव्हा कान टवकारतातच. मी अण्णांना तसं म्हटलं. त्यांचं म्हणणं वेगळंच. म्हणाले, हे मसुद्यात नसणार. कुठलाही सेक्शन ऑफिसर असं लिहून देणार नाही, नोकरी जाईल त्याची. मग जरा थांबून म्हणाले, 'बोलले ते बरं झालं. पण कलम तीनचं काय?'

कलम तीन म्हणजे, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे.

त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यात घुसून बसलं ते बसलंच. क्लिप त्या कबुलीजवळ कापलेली होती. पुढे काय विचारलं गेलं, त्याला काय उत्तर मिळालं, हे कोणी फॉरवर्ड केलं नाही आणि मीही शोधलं नव्हतं. आपण सगळे त्या प्रांजळपणावरच खूश. प्रश्न उद्भवत नाही म्हटलं की निदान राग तरी येतो, आणि राग आला की माणूस परत विचारतो. इथे समोरच्यानेच आधी मान खाली घातली, आता याला अजून काय विचारायचं, असं होऊन जातं. गडकरींनी हे मुद्दाम केलं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, त्यांचा स्वभावच तसा मोकळा, मुंबईचे उड्डाणपूल आणि एक्स्प्रेसवेच्या काळापासून महाराष्ट्र बघतोय त्यांना. पण एखादा माणूस दहा वर्षं त्याच खुर्चीत असेल तर त्याच्या कबुलीला टाळ्या किती वाजवायच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९५६ साली अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला ते उदाहरण अशा वेळी कोणीतरी काढतंच. आमच्या ग्रुपवर काकांनी काढलं. त्याला आता सत्तर वर्षं होत आली आणि अजून तेच एक उदाहरण द्यावं लागतं, यावरून काय ते समजा.

बरं, वाहतुकीवर प्रश्न विचारायचा म्हटला तरी तो नक्की विचारायचा कोणाला? हा मला वाटतं आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ आहे. मी गावाहून डोंबिवलीला येते. घरापासून स्टेशनापर्यंत एसटी, ती राज्य सरकारची. ती ज्या रस्त्यावरून जाते तो महामार्ग, तो केंद्राचा. मग कोकण रेल्वे, दिव्याला उतरून लोकल, ते रेल्वेमंत्री. डोंबिवलीत रिक्षा, ते आरटीओ म्हणजे परत राज्य. पुढे मेट्रो झाली की ती दिल्लीत गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याकडे. मी एकटी बाई, एक बॅग, एक दिवस, आणि इतकी खाती. कुठल्याही मंत्र्याला विचारा की हा प्रवास इतका त्रासाचा का, तो अगदी खरं उत्तर देईल की माझ्याकडचा तुकडा ठीक चाललाय. आणि यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात! (यामागे कारण चांगलं आहे, रेल्वेची चौकशी रेल्वेनेच करू नये म्हणून. तरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चहा सांडला होता.)

सगळी वाहतूक एकत्र धरून विचार करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८० साली राष्ट्रीय वाहतूक धोरण समितीचा अहवाल आला. २०१० मध्ये राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखाली परत एक मोठी समिती बसली, तिने २०१४ मध्ये २०३२ पर्यंतचा विचार करून भलाथोरला अहवाल दिला. २००६ च्या शहरी वाहतूक धोरणात तर फार सुंदर गोष्ट लिहिली आहे, की गाड्या कशा हलतील हे बघू नका, माणसं कशी हलतील ते बघा. कागदावर आपण कधीच कमी पडलेलो नाही. अण्णांच्या भाषेत, कलम एकला होय, कलम दोनला होय.

आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचं तर विचारूच नका. म्हणजे विचाराच, पण तयारी ठेवून. रस्ता राष्ट्रीय, पूर्वीचा १७ नंबर, आता ६६. त्यातला पनवेल ते इंदापूर हा तुकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरच्या पुढचा खाली झारापपर्यंत राज्याच्या बांधकाम खात्यामार्फत. काम सुरू झालं २०११ च्या आसपास. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य मध्ये येतं त्याची परवानगी, जमिनीचं भूसंपादन, ठेकेदाराचे पैशाचे वांधे, ही सगळी कारणं खरी आहेत, मी एकही नाकारत नाही. पण खड्ड्याबद्दल विधानसभेत विचारलं की रस्ता राष्ट्रीय, आणि दिल्लीत विचारलं की काम राज्याच्या यंत्रणेकडे. खड्डा बिचारा दोन्हीकडे अंशतः. आणि तारखा तर काय, डिसेंबर २०२३ ही तारीख गडकरींनीच दिली होती, मग जून २०२५ पण त्यांनीच. दोन्ही तारखांना मी त्या रस्त्याने गेले आहे, कंबर धरून.

पण मग सावित्रीचा पूल आठवतो आणि माझी मलाच पंचाईत होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा तो ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसट्या माणसांसकट नदीत गेल्या. त्या आठवड्यात कोकणातलं एकही घर नीट झोपलं नसेल, प्रत्येकाचं कोणी ना कोणी रात्रीच्या एसटीत असतंच. सरकारने तेव्हा सांगितलं की मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता. अण्णा तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. टीव्हीवर ते ऐकून ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बाहेर गेले तर म्हणाले, 'तो शेरा कोणीतरी माझ्यासारख्यानेच टाइप केला असेल गं.' मी काही बोलले नाही. काय बोलणार.

आणि त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. १८० दिवसांत करतो म्हणून गडकरींनी सांगितलेलं, त्याच्या आधी झाला, पुढच्या जूनमध्ये उद्घाटन. म्हणजे जमतं. एक नदी, एक पूल, एक तारीख, आणि सगळा देश बघतोय, असं असलं की आपल्याला जमतं. चारशेहून जास्त किलोमीटर बघत बसायला कोणाला वेळ आहे? फक्त त्यावरून जाणाऱ्यांना.

कोकण रेल्वेचं मात्र बघा, तिथे बघणारे टिकून होते. आमच्या राजापूर मतदारसंघाचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून लोकसभेत, ते कोकणच्या रेल्वेसाठी बोलत राहिले. १९७१ मध्ये ते गेले आणि त्या जागी प्रा. मधु दंडवते आले, त्यांनी तोच विषय पुढे लावून धरला. आणि १९७७ मध्ये तेच दंडवते रेल्वेमंत्री! इतकी वर्षं विचारणाऱ्या बाकावरचा माणूस आता उत्तर देणाऱ्या बाकावर. अण्णा सांगतात, गावात लोकांना वाटलं आता पुढच्या गणपतीला गाडी येणार. नाही आली. दोन-सव्वादोन वर्षांत सरकारच गेलं. पण सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला तो दंडवत्यांच्या काळात. याची टवाळीही झाली असेल तेव्हा, मला माहीत नाही, पण ज्याने रात्रभर फळीवर पाठ टेकली आहे त्याला विचारा. मंत्र्याने सेकंड क्लासने प्रवास केला असला की कलम तीन कसं लिहिलं जातं, ते त्या दोन इंचात दिसतं. पुढे १९८९ ला जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री एकाच मंत्रिमंडळात आले, १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन निघालं, ते उभं करायला इंजिनिअर श्रीधरन आले, आणि १९९८ साली रोहा ते मंगळूर पूर्ण मार्ग चालू झाला. नाथ पैंच्या पहिल्या खासदारकीपासून मोजलं तर चाळीस वर्षांच्या वर. विलंबाची कारणे काय आहेत, हे कोणी विचारलं तर सह्याद्रीकडे बोट दाखवता येतं, ते खोटंही नाही.

२०२० च्या सप्टेंबरात कोविडमुळे संसदेच्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरं. बऱ्याच लोकांच्या लक्षातही आलं नसेल. अण्णांच्या आलं. म्हणाले, पुरवणी नाही तर मंत्री कशाला हवा, पोस्टमन चालेल की.

परवाच्या गणपतीला आम्ही त्यांना डोंबिवलीहून गाडीने गावी घेऊन निघालो. ट्रेनचं रिझर्वेशन मिळालं नाही, ते कोणाला मिळतं. पहाटे साडेतीनला निघालो. अण्णा ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर जुनी लाल कापडी पाठीची वही, ऑफिसच्या जीपचं लॉगबुक ठेवायचे त्या सवयीने ते अजूनही प्रत्येक प्रवासात रकाने आखतात. ठिकाण, पोच, निघाले, शेरा. पनवेल, वडखळ, कोलाड, सगळं व्यवस्थित लिहिलेलं, पेन खिशाला लावायचं आणि परत काढायचं. इंदापूर सोडलं आणि माणगावच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे लाल दिव्यांची रांग, बाजूने रिक्षातून कोणीतरी मखर घेऊन चाललंय, एक पोरगा उकडलेल्या शेंगा विकतोय गाड्यांच्या मधून. पाऊण तास झाला.

'कधी सुटेल हो?' अण्णांनी ड्रायव्हरला विचारलं.

'काय सांगता येत नाय काका,' तो म्हणाला, आणि इंजिन बंद केलं.

अण्णांनी मान हलवली, मस्त खुशीत. मी मागून वाकून बघितलं. माणगाव, पोच, पुढे वेळ. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ड्रायव्हरचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, अवतरण चिन्हात, खाली तारीख आणि सही.